टीम पार मोडावी का? वेंगुर्ल्याहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया कडक आहे आणि मुद्द्याला धरून आहे, म्हणून नुसते आभार मानून सोडत नाही. प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल लीगच्या, फँटसी ड्राफ्टवर (खरे खेळाडू आपापसात वाटून घ्यायचे, एक खेळाडू एकाकडेच, आणि त्यांच्या खऱ्या मॅचमधल्या खेळावर पॉइंट) लिहिताना मी म्हटलं होतं की, आठव्या गेमवीकला, म्हणजे मॅचच्या आठव्या फेरीला, तळाला असलेल्याने सगळी टीम ट्रेडला, म्हणजे दुसऱ्याशी अदलाबदलीला, काढू नये. तुम्ही लिहिता की आठ जणांच्या लीगमध्ये तुम्ही शेवटचे आहात, पहिल्या फेरीत उचललेला फॉरवर्ड गोलच करत नाही, आणि माझा सल्ला हा भित्र्या माणसाचा सल्ला आहे. चार खेळाडू एकदम पहिल्या नंबरवाल्याला द्यायचे तुमच्या मनात आहे. शेवटी विचारलंत, “नुसता थांबान काय गावतला?”

सोन ह्युंग-मिनचं बघा. २०२१-२२ मध्ये २३ गोल करून त्याने मोहम्मद सालाहबरोबर गोल्डन बूट, म्हणजे सर्वात जास्त गोलांचा मान, वाटून घेतला. पुढच्या सीझनला लीगच्या पहिल्या सहा मॅचमध्ये त्याचा एकही गोल नाही. १७ सप्टेंबर २०२२ला लेस्टरविरुद्ध टॉटनहॅमने त्याला चक्क बाकावर बसवलं. तो ५९व्या मिनिटाला उतरला आणि ८६व्या मिनिटाला त्याची हॅटट्रिक पुरी झाली होती. आदल्या आठवड्यात वैतागून ज्याने त्याला मिळेल त्या भावात दिला असेल, त्याचं काय झालं असेल ते तुम्हीच ठरवा.

पण गोष्ट तिथे संपत नाही. त्या सीझनमध्ये सोनचे लीगमधले गोल झाले एकूण १०. म्हणजे त्याला विकायला हरकत काहीच नव्हती, फक्त विकायचा दिवस हॅटट्रिकच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार होता. पुढे इंटरनॅशनल ब्रेक, म्हणजे देशांच्या मॅचसाठी लीग बंद, बोलणी करायला दोन आठवडे मोकळे. मी थांबा म्हणतो ते या भावासाठी. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर ज्याचा बर्फ संपत आलाय त्याची घाई मासळीच्या लिलावात सगळ्यांना दिसते, आणि बोली तिथेच अडते. तुम्ही चार नावं एकदम ग्रुपवर टाकलीत की तुमचंही तेच होणार.

आता हिशोब, कारण माझ्या मते खरा निर्णय इथे होतो. ड्राफ्टमध्ये प्रत्येकाकडे १५ खेळाडू: २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड. हा साचा बदलत नाही, त्यामुळे ट्रेडमध्ये फॉरवर्ड दिला तर फॉरवर्डच घ्यावा लागतो. आठ जणांत मिळून २४ फॉरवर्ड गेले. लीगमध्ये क्लब २०, आणि बहुतेक क्लब एकच स्ट्रायकर खेळवतात. मग बाहेर उरलंय कोण? शेवटच्या दहा मिनिटांना उतरणारी पोरं. डिफेंडरचं उलट आहे. तुम्हा आठ जणांकडे ४० आहेत, आणि दर आठवड्याला पहिल्यापासून खेळणारे साधारण ८०. निम्मे फुकट पडलेत! तळाच्या टीमला वेव्हरमध्ये, म्हणजे आपला एक सोडून कुणाकडेच नसलेला खेळाडू मागताना, पहिला हक्क असतो, तो तुमच्याकडे आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत वेव्हरचा साधा उल्लेखही नाही. बचाव बदलायचा तर तिथून बदला, त्यासाठी कुणाच्या दारात जायला नको. शनिवारी संध्याकाळी पाचची मॅच पहिली असेल तर टीम लावायची मुदत दुपारी साडेतीनला संपते, आणि वेव्हर त्याच्या २४ तास आधी, शुक्रवारी साडेतीनला लागतात. त्या वेळी अर्धं कोकण जेवून आडवं झालेलं असतं, म्हणून यादी गुरुवारी रात्रीच लावून ठेवा.

तुमच्या फॉरवर्डबद्दल गोलांचा आकडा बाजूला ठेवा. तो पूर्ण ९० मिनिटं खेळतोय का, बॉक्समध्ये शॉट मारतोय का, पेनल्टी त्याच्याकडे आहे का, एवढंच बघा. ३१ जानेवारी २०२४ला अॅनफिल्डवर चेल्सीविरुद्ध लिव्हरपूलच्या डार्विन नुन्येझचा बॉल चार वेळा खांबाला आणि बारला लागला, त्यातली एक पेनल्टी. लिव्हरपूल ४-१ने जिंकलं, त्याचा गोल शून्य. अशा खेळाडूला त्या रात्री काढून टाकणारा माणूस रागाच्या भरात खेळतो. मिनिटंच कमी होत असतील तर मात्र मी तुमच्या बाजूने आहे. मग नाव कितीही मोठं असो, द्या.

आणि एक ट्रेड असा आहे जो तळाच्या माणसाने न लाजता करावा: लांबच्या दुखापतीतला मोठा खेळाडू पहिल्या नंबरवाल्याला द्यायचा. आर्सेनलच्या बुकायो साकाला २१ डिसेंबर २०२४ला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध हॅमस्ट्रिंगची दुखापत झाली आणि तो परतला १ एप्रिलला. तीन महिने वाट बघणं तळाच्या टीमला परवडत नाही, पहिल्या नंबरवाल्याला परवडतं. तुम्हाला आज पॉइंट हवेत, त्याला शेवटच्या टप्प्यातला साका. इथे दोघांची गरज वेगळी आहे, म्हणून दोघांचाही फायदा होतो. तुमच्या चार नावांच्या ट्रेडमध्ये मला अशी गरज कुठे दिसली नाही, फक्त वैताग दिसला.

अजून एक गोष्ट मला मनापासून लागते. तुमच्या लीगमध्ये दोघे कुडाळचे, एक कणकवलीचा, बाकी मुंबईचे चाकरमानी, गणपतीला सगळे एकाच मांडवात भजनाला बसणारे. तुम्ही चार चांगले खेळाडू पडत्या भावात एकाच्या पदरात टाकलेत, तर दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर झुंजणाऱ्यांचा सीझन ऑक्टोबरातच संपतो. त्यांनी काय घोडं मारलंय? हरणाराही बाकीच्यांचं काही देणं लागतो असं मी मानतो, आणि यावर माझं मत बदलणार नाही.

तेव्हा या आठवड्यात दोन डिफेंडर वेव्हरवरून बदला आणि फॉरवर्डला हात लावू नका. ट्रेड एकच मांडा, मिडफिल्डरच्या बदल्यात मिडफिल्डर, तोही ज्याच्याकडे दुखापतींनी भगदाड पडलंय त्याला. तुमचे पंधराही खेळाडू आणि त्यांची गेल्या चार मॅचची मिनिटं इथेच खाली लिहा. गुरुवारच्या आत आली तर एकेका नावावर बोलू.