पोरांना शिकायचं नसतं, हे मला पुन्हा ऐकवू नका

आज दुपारी कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीपाशी एफवायबीएची एक मुलगी आईबरोबर उभी होती. दाखला काढायला. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागलाय, तिचे तीन विषय राहिलेत. मी विचारलं, "का गं, एवढ्यात?" आधी काही बोलेना. मग ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "मॅडम, वर्गात काय चल्लाहा ताच कळणा नाय. आणि विचारूक गेलंय तर सगळे हसतत." आई शांतपणे म्हणाली, काजूच्या फॅक्टरीत बायका हव्याच आहेत, घरात दोन पैसे तरी येतील.

क्लार्कला सांगून अर्ज सोमवारपर्यंत थांबवला आणि स्टाफरूममध्ये आले. झालेलं सांगितलं. एक ज्येष्ठ सहकारी वहीतून मान वर न करता म्हणाले, "गेली तर गेली. यांना शिकायचंच नसतं. दिवसभर मोबाईल." आणि दोघांनी माना डोलावल्या.

तेव्हा काही बोलले नाही, तास होता. आता घरी येऊन जेवणं-भांडी आटोपली तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहितेय.

यांना शिकायचं नसतं? खाडीपलीकडून येणारी पोरगी पहाटे उठून, पाणी भरून, वस्तीची गाडी पकडून साडेसातच्या तासाला येते, ती काय झोपायला? झोपायचं असतं तर घरी झोपली असती. ती बाकावर येऊन बसते म्हणजे तिने तिच्या वाटचं काम केलेलं असतं. पुढचं काम आपलं.

माझ्या इथल्या मित्रयादीतले बरेच जण शिक्षक आहात, नसाल तर शिक्षकांच्या घरातले आहात. मुलांवर माया करणारी माणसं आहात, हे मला ठाऊक आहे. म्हणून तुमच्यासमोरच एक तास मांडते. आमच्याकडे त्याला अजून 'पेटीचा तास' म्हणतात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अर्थशास्त्राचा वर्ग, विषय उत्पादन खर्च. स्थिर खर्च, बदलता खर्च. पुस्तकात कारखान्याचं उदाहरण होतं, यंत्र, भाडं, कच्चा माल. आमच्या पोरांपैकी किती जणांनी कारखाना आतून पाहिलेला असतो? मी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर एवढंच लिहिलं: वाशी मार्केटला हापूसची पेटी चार हजाराला गेली. बागायतदाराच्या हातात किती पडले? एक बोट म्हणजे साडेतीन हजार, दोन बोटं म्हणजे अडीच, तीन बोटं म्हणजे दीड हजाराच्या खाली. बोटं छातीशी धरायची, मला दिसतील पण शेजाऱ्याला दिसणार नाहीत अशी. सगळ्यांनी एकदम.

बहुतेकांचं एक बोट. मी चूक-बरोबर काहीच म्हटलं नाही. "आता शेजाऱ्याला पटवा," म्हटलं आणि गप्प उभी राहिले.

गप्प उभं राहणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग आहे. तोंडाला सवय बोलायची. पण त्या दोन-तीन मिनिटांत वर्ग जो पेटला! फवारणी धरली काय? राखणीचे गुरखे? आंबे काढणारे गडी? खोका, गवत, टेम्पो, हमाली? कोणी म्हणालं अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, कापतात, तर दुसरा उसळून म्हणाला, २०१६ साली फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे बाजार समितीबाहेर विकायला मोकळा झाला, तेव्हाच शेतकऱ्याकडून अडत घ्यायची नाही असं ठरलंय. तिसरा म्हणाला, पट्टी बघून बोलूया. पट्टी म्हणजे माल विकल्यावर अडत्याकडून येणारा हिशोबाचा कागद. आणि मागच्या बाकावरची एक मुलगी, जिचा आवाज मी पहिल्या सेमिस्टरमध्ये हजेरीपलीकडे ऐकला नव्हता, ती एकदम म्हणाली, "मॅडम, खयची पेटी? चार डझनाची काय सात डझनाची? आणि बाग आपली काय करारान घेतलेली?"

हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणूनच मी फळ्यावरचं वाक्य अर्धवट ठेवलं होतं. तो विचारला कोणी, तर जिच्या आईला रोजावर पेटी भरायला जावं लागतं तिने. बागायतदारांची पोरं पुढच्या बाकांवर होती, त्यांना घरचा दर माहीत होता. कुठल्या नगाची किती डझनी पेटी होते आणि नग बारीक झाला की दर कसा खाली येतो, हे तिने सांगितलं. सगळा वर्ग मागे वळून तिच्याकडे बघत होता आणि कोणीही हसलं नाही.

म्हणून विचारते, आजच्या त्या मुलीला बोटं दाखवायची सोय मिळाली असती तर? तिला उभं राहून, सगळ्यांसमोर, पुस्तकी मराठीत "सर, मला हे कळलं नाही" म्हणावं लागलं. बोलीतला एखादा शब्द आला की हशा. आणि हशा ऐकूनही शिक्षक पुढचा मुद्दा सांगायला लागतो. माझा राग पोरांच्या हसण्यावर कमी आहे, त्या पुढच्या मुद्द्यावर जास्त आहे.

ही आधी बोटं, मग शेजाऱ्याशी वाद अशी पद्धत मी शोधून काढलेली नाही. हार्वर्डला एरिक मझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत, ते १९९१ पासून असंच करतात: प्रश्न, आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर, आणि शेवटी शिक्षकाचं बोलणं. आकडेच हवे असतील त्यांच्यासाठी, २०१४ साली विज्ञान, गणित, इंजिनिअरिंगच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापासांचं प्रमाण साधारण ३४ टक्के आणि मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात २२ टक्के निघालं. मला आकडा नसता तरी चाललं असतं. मी ती मागच्या बाकावरची मुलगी पाहिली आहे.

"पण मॅडम, तुमचे विद्यार्थीच म्हणतात की तुम्ही शिकवत नाही, आम्हालाच विचारत बसता." हो, म्हणतात. पहिला महिनाभर तर हमखास. हार्वर्डच्या वर्गांतही २०१९ साली हेच दिसलं, अशा तासाला मुलं जास्त शिकली पण त्यांना स्वतःला वाटलं कमी शिकलो. कान भरून घेतले की शिकल्यासारखं वाटतं. असो.

आणि लाजाळूपणाचं कारण मला सांगू नका. माझ्या वर्गात आत्ता एक मुलगा आहे, दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की तो दशावतारात उभा राहतो. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, तिथे संवाद लिहून दिलेले नसतात. कथानक ठरतं, बाकी सगळं रंगमंचावर सुचेल तसं. हा पोरगा मध्यरात्री राजा होऊन समोरच्या ऋषीशी तासभर वाद घालतो, पुराणातले दाखले देतो, शब्दाला शब्द भिडवतो, समोर अख्खा गाव बसलेला असतो. आणि सकाळी आमच्या वर्गात त्याच्या तोंडून "हजर मॅडम"च्या पुढे शब्द निघत नाही. बोलायची ताकद त्याच्याकडे आहेच, वर्गात ती वापरायला जागा आम्ही ठेवत नाही. त्याला मी 'किमान आधारभूत किंमत असावी की नसावी' यावर एका बाजूने उभं केलं तेव्हा समोरच्या बाजूच्या तिघांना त्याने घाम फोडला. झोप अपुरी होती, डोळे लाल होते, तरी.

पुन्हा पेटीकडे येते, कारण त्या तासाचं खरं काम दुसऱ्या दिवशी झालं. चौघंजण घरून पट्ट्या घेऊन आले. घडी घालून, वहीच्या कव्हरमध्ये ठेवून, जपून. एकीच्या बाबांनी तर विचारलं म्हणे, कॉलेजात पट्टी कशाला मागतायत? त्या पट्ट्यांवर आम्ही वाद घातला की डिसेंबरात मारलेल्या फवारणीचे पैसे एप्रिलात भाव पडला म्हणून परत येतात का? येत नाहीत. मग पडलेल्या भावात विकायचं की कॅनिंगला, म्हणजे रस काढणाऱ्या कारखान्याला, घालायचं हे ठरवताना तो खर्च धरायचा का? हा बुडीत खर्चाचा धडा आहे. पुस्तकातून शिकवते तेव्हा मुलं व्याख्या पाठ करतात. त्या दिवशी एक मुलगा म्हणाला, "बाबा दरवर्षी ह्याच करतत. फवारणीचे पैसे सुटले पायजेत म्हणून भावाची वाट बघत बसतत आणि आंबो पिकान जाता." तो हे बापाला नावं ठेवायला म्हणाला नव्हता. पहिल्यांदा त्याला बापाचं कोडं उलगडलं होतं.

मागच्या बाकावरच्या त्या मुलीने परीक्षेत खर्चाच्या प्रश्नाला कारखान्याचं उदाहरण दिलं नाही. आंबे पिकवायच्या अढीचं आणि खोक्याचं दिलं. पास झाली, चांगल्या मार्कांनी.

आता कबूल करण्यासारखं आहे ते करते. एका वर्गात शंभरावर मुलं असतात, शिक्षकांच्या जागा भरलेल्या नाहीत, सेमिस्टर धावतपळत संपतं, कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायली आहेत, नवीन शिक्षण धोरण २०२४-२५ पासून आमच्याकडे आलं तेव्हापासून क्रेडिटचे हिशोब आहेत. सगळं खरं. तासिका तत्त्वावर, म्हणजे तासामागे मानधनावर, शिकवणाऱ्या मुलामुलींबद्दल तर मी एक वाकडा शब्द बोलणार नाही. चार-चार महिने मानधन अडकलेलं, पुढच्या जूनला बोलावतील की नाही माहीत नाही, दोन कॉलेजांमध्ये एसटीने ये-जा, आणि तरी आमच्याकडची एक तासिकावाली मुलगी प्रत्येक तासाच्या शेवटी चिठ्ठ्या गोळा करते. नाव न घालता, 'आज काय कळलं नाही' एवढंच लिहायचं. पुढचा तास ती त्या चिठ्ठ्यांतल्या दोन-तीन गोष्टींपासून सुरू करते. त्याला खर्च काही नाही, पाठकोऱ्या कागदांचे तुकडे लागतात. तिच्या वर्गात गळती कमी आहे, हे सगळ्यांना दिसतं आणि स्टाफरूममध्ये कोणी बोलत नाही. पूर्ण पगारावर, कायम नोकरीत बसलेल्या माणसांनी मात्र वेळ नाही म्हणू नये. राग येतो तो इथे.

उशिराचंही तेच. गाडी वाटेत बंद पडली, घाटात दरड आली, ड्रायव्हर बदलला, काहीही होतं. दहा मिनिटं उशीर झाला की पोरांना दाराबाहेर उभं करायचं आणि वर पंचाहत्तर टक्के हजेरीचा धाक दाखवायचा. कोणाची गाडी किती वाजता पोचते हे एकदा कागदावर लिहून घ्यायला काय जातं? मी तासाची सुरुवात प्रश्नाने करते त्याचं हेही एक कारण आहे. उशिरा आलेलं पोर शेजाऱ्याशी वादात सामील होऊ शकतं, अर्धं सुटलेलं व्याख्यान त्याला कोणी परत देत नाही. आणि नोट्सची पीडीएफ ग्रुपवर टाकली म्हणजे शिकवलं असं समजणाऱ्यांनी एकदा खाडीकाठच्या वाड्यांत जाऊन रेंज शोधावी.

मोबाईलचं म्हणाल तर हो, बघतात. मीही तास कंटाळवाणा झाला की बघताना पाहिलंय त्यांना. पेटीच्या तासाला एकाचाही मोबाईल बाहेर नव्हता. नंतर एकाने काढला तो वाशीचा त्या दिवसाचा दर बघायला.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. ते सहकारी वाईट माणूस नाहीत. त्यांच्या तरुणपणी त्यांनी याच कॉलेजात पोरांना संध्याकाळी फुकट शिकवलंय, हे मला जुन्या लोकांनी सांगितलंय. कुठेतरी ते थकले, आणि थकल्यावर पोरांना दोष देणं सोपं पडतं. उद्या त्यांना माझ्या तासाला येऊन मागे बसायला सांगणार आहे. येतील असं वाटतं.

रविवारी त्या मुलीच्या घरी जाणार आहे, आईचा नंबर घेतलाय. परीक्षा पुन्हा देता येते, तीन विषय म्हणजे आभाळ कोसळलं नाही, आणि बी.ए.चा पेपर मराठीत लिहिता येतो हे घरच्यांना नीट समजावून सांगायचंय. तिच्याच वर्गातल्या एका मुलीने तिच्याबरोबर बसून अभ्यास करायची तयारी दाखवलीये, दोघींची गाडी एकच आहे.

आणि तुमच्याकडे एक मागणं. सोमवारपासून नवीन वर्गाला उत्पादन खर्च सुरू होतोय. यादीत देवगड, मालवण, वेंगुर्ले, राजापूर, रत्नागिरीकडचे बरेच बागायतदार आहात. मागच्या हंगामातल्या वाशीच्या पट्ट्या पडून असतील तर नाव, नंबर खोडून त्यांचे फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवा. कॅनिंगच्या पावत्याही चालतील. मार्चमधल्या आणि मेमधल्या दोन्ही हव्या आहेत, दर का उतरला ते मुलांनी स्वतः काढायचंय. फोटो स्पष्ट असू द्या, आमच्याकडे प्रिंट काळ्या-पांढऱ्याच निघतात.