आल्प्समध्ये तंबू रोज हलवायचा का?

रंकाळ्याच्या बाजूच्या आमच्या कट्ट्यावर सध्या एकाच प्रश्नावर घसे कोरडे होत आहेत. येत्या सप्टेंबरात आल्प्समध्ये मोटरसायकलने फिरताना दररोज पुढच्या गावी तंबू हलवायचा, की दोनच ठिकाणी मुक्काम ठोकून तिथून मोकळ्या गाडीने घाट करायचे? जायचे हे नक्की आहे. म्युनिकला नोकरी करणारा अभय सुट्टीवर आला असताना विषय निघाला, त्याने गाड्या भाड्याने मिळवून देण्याची जबाबदारी घेतली आणि सदानंद, रेश्मा, मकरंद आणि मी असे सगळेच हो म्हणून बसलो. मी दोन मुक्कामांच्या पक्षाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना माझे माप कुठे झुकते आहे याचा अंदाज वाचकाला बांधता येईल.

सदानंदचा पक्ष रोज हलण्याचा आहे आणि त्याच्या मागे लडाखचे वजन आहे. उमलिंग ला ही ५,७९८ मीटर उंचीची खिंड त्याने तंबू, स्टोव्ह आणि पेट्रोलचे कॅन मागे बांधून केलेली आहे. त्या मानाने इटलीतील स्टेल्व्हिओची खिंड २,७५७ मीटर, म्हणजे निम्म्याहून कमी उंचीची आहे, तेव्हा सामान गाडीवर असले काय आणि नसले काय, काही फरक पडणार नाही, असे त्याचे म्हणणे. "एकाच जागी चार दिवस बसायचे असेल तर महाबळेश्वर काय वाईट आहे?" हा त्याचा ठेवणीतला प्रश्न, आणि तो विचारताना तो चहाचा कप खाली ठेवतो, म्हणजे वाद लांबणार हे ओळखावे.

अभयने त्याला उंचीवर उत्तर दिले नाही, वळणांवर दिले, आणि मला वाटते की संपूर्ण चर्चेतला हाच सर्वांत कामाचा भाग होता. लडाखमध्ये हवा विरळ असते, रस्ता जागोजागी उखडलेला असतो, त्यामुळे वेग आपोआप कमी राहतो आणि चुकीला थोडीफार क्षमा मिळते. आल्प्समध्ये डांबर गुळगुळीत असते, समोरचा माणूस शिस्तीत आणि वेगात येत असतो, आणि चढ-उताराची वळणे इतकी जवळजवळ असतात की दुसरा गिअर टाकून सुटकेचा श्वास घेण्याआधी पुढचे वळण आलेले असते. प्रातो गावाच्या बाजूने स्टेल्व्हिओ चढताना अशी ४८ वळणे आहेत आणि प्रत्येकाला क्रमांक आहे. ऑस्ट्रियन साम्राज्याच्या काळात, १८२० ते १८२५ दरम्यान, कार्लो दोनेगानी या अभियंत्याने हा रस्ता बांधला, तो घोडागाड्यांसाठी. त्यामुळे चढ फार तीव्र नाही, मात्र वळणाची जागा तेवढीच अरुंद राहिली.

आता आपण आयुष्यभर डाव्या बाजूने गाडी चालवली आहे. आंबोलीच्या घाटात चढताना डावीकडचे वळण आवळ असते आणि उजवीकडचे ऐसपैस, हे आपल्या हातापायांना पाठ आहे. तिकडे उजव्या बाजूने चालायचे असल्यामुळे हे सगळे उलटते. उजवे वळण आतल्या कडेने, जवळजवळ जागच्या जागी, चढावर घ्यावे लागते. तिथे पहिला गिअर, क्लच अर्धवट सोडलेला, मागच्या ब्रेकवर हलका पाय आणि नजर चाकाजवळच्या डांबरावर न ठेवता वळण संपते तिथे, असे सगळे एकाच वेळी जमावे लागते. नजर खाली गेली की गाडी त्या बाजूला कलते आणि पाय टेकवायला जावे तर उताराच्या बाजूला जमीन अपेक्षेपेक्षा वीतभर खाली असते. अशा वेळी अडीचशे किलोच्या घरातली भाड्याची गाडी, मागे तंबू आणि दोन्ही बाजूंना भरलेल्या पेट्या, हा संच कोणालाही सावरत नाही. "लडाखात तू पडलास तर वाळूत पडलास," अभय म्हणाला, "इथे पडलास तर मागून येणाऱ्या गाडीपुढे पडशील आणि वर पेटीचे पैसे अनामत रकमेतून कापले जातील."

सदानंदने यावर मोडता घातला तो हिमालयन ४५०चा. ही गाडी युरोपातही विकली जाते, वजन १९६ किलोच्या आसपास, आणि आपल्या मांडीखालची सवयीची; मग जड गाडी घ्याच कशाला? हा मुद्दा मला मान्य आहे आणि अभयलाही मान्य झाला. गाडी हलकी घेण्यात कमीपणा वाटून घेणारे लोक आमच्याही कट्ट्यावर आहेत, पण ते त्या दिवशी आलेले नव्हते. मात्र गाडी हलकी केली म्हणून त्यावर सामान लादावे, हे यातून निघत नाही, एवढे मी नोंदवले.

यानंतर रेश्माने वादाला वेगळेच वळण दिले. ती हिशेबनीस आहे आणि कागद वाचल्याशिवाय मत देत नाही. युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी मिळून एकच लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा नियम असा आहे की ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखे असतील तर ज्या देशातून प्रवेश, त्या देशाकडे. अर्जासोबत राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो आणि प्रौढांसाठीचे शुल्क २०२४ पासून ९० युरो आहे. सदानंदच्या बेतात जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली आणि स्वित्झर्लंड यांत दोन-तीन, दोन-तीन रात्री विखुरलेल्या आहेत. मग अर्ज कोणाकडे करायचा, आणि "जिथे संध्याकाळ होईल तिथे तंबू" याचा पुरावा कागदावर कसा दाखवायचा? उलट प्रातो येथे पाच रात्रींचे आरक्षण असेल, तर म्युनिकला उतरूनही अर्ज सरळ इटलीकडे जातो आणि कोणी शंका काढत नाही. विम्याबाबतही तिने बजावले की अनेक पॉलिसींत मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलवरचा अपघात वगळलेला असतो, आणि डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलण्याचा खर्च कोणाच्या खिशातून जाणार हे पॉलिसी घेण्याआधीच पाहायला हवे. आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभर चालतो, त्यामुळे त्याची घाई नाही.

मकरंदला रानात तंबू ठोकायचा होता. धबधबा, गवत, गाईंच्या गळ्यातल्या घंटा, शेजारी कोणी नाही, अशी त्याची कल्पना. ती फार काळ टिकली नाही. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात ठरवून दिलेल्या तळाबाहेर तंबू लावायला बंदी आहे, इटलीच्या बाजूलाही तसेच, आणि स्वित्झर्लंडमध्ये झाडांच्या रेषेच्या वर एखादी रात्र साधारणपणे चालवून घेतात, तरी संरक्षित क्षेत्रांत तेही नाही. शिवाय झाडांच्या रेषेच्या वर मोटरसायकल घेऊन जाणार कुठून? तेव्हा तळच. आणि तळांचीही शिस्त आहे. रात्री दहानंतर आवाज चालत नाही. दुपारी एक ते तीनच्या सुमारास अनेक ठिकाणी विश्रांतीची वेळ असते आणि फाटकाचा अडसर खाली असतो, म्हणजे दीड वाजता पोहोचलेला माणूस हेल्मेट काखेत घेऊन बाहेर उभा राहतो. रोज तळ बदलणाऱ्याला हे रोज, एकाच तळावर राहणाऱ्याला एकदाच. पुण्यातल्या दुकानदारांची आठवण काढून यावर हशा पिकला, तो इथे विस्ताराने देत नाही.

थंडीच्या बाबतीत मात्र सदानंद आणि मी एका बाजूला होतो आणि मकरंद दुसऱ्या. हजार मीटर चढले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. प्रातो गाव ९०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे गावात सकाळी पंधरा अंश असतील तर स्टेल्व्हिओच्या माथ्यावर तीनच्या घरात असणार, वारा वेगळा. म्हणून झोपायचे खाली आणि फिरायचे वर. दुसऱ्या मुक्कामासाठी मकरंदने स्वित्झर्लंडमधील अँडरमाट सुचवले, कारण तीन-चार घाट तिथेच एकत्र येतात. परंतु ते १,४३७ मीटरवर आहे, आणि तिथून सुस्टेनची खिंड ओलांडून गेले की मायरिंगेन हे गाव फक्त सहाशे मीटरच्या आसपास. सुस्टेन, फुर्का आणि ग्रिम्सेल ही सव्वाशे किलोमीटरच्या आसपासची फेरी दोन्हीकडून सारखीच होते, मग पाच-सहा अंश जास्त थंडीत कुडकुडण्यात शहाणपण कोणते? स्लीपिंग बॅगवर छापलेल्या तापमानांपैकी आरामाचे तेवढे धरावे, कारण सर्वांत खालचा आकडा हा जीव वाचण्याचा असतो, झोप लागण्याचा नव्हे. स्टोव्हच्या गॅसच्या डब्याचेही तेच. साधा ब्युटेन शून्याच्या किंचित खालीच वायू होणे थांबवतो, म्हणून गारठ्याच्या सकाळी चहाचे आधण चढतच नाही. प्रोपेन मिसळलेला डबा घ्यावा लागतो. विमानात डबा नेता येत नाही, तो तिथेच विकत घ्यायचा, आणि आपल्या स्टोव्हच्या आट्यांना बसतो का हे दुकानातच पाहायचे.

खाण्यावर जे भांडण झाले त्याला खरे तर मर्यादा हवी होती. थालीपीठाची भाजणी न्यायची, हे एकमताने ठरले. तूप आणि पेढे नेण्याचा आग्रह मकरंदने धरला, पण युरोपीय संघात बाहेरून प्रवाशाच्या सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत आणि तूप त्यातच मोडते. "मग थालीपीठ कशाबरोबर?" या प्रश्नावर अभयने तिथले लोणी उत्तम असते असे सांगितले आणि मकरंदने ते ऐकून घेतले, मानले नाही. रविवारी जर्मनी, ऑस्ट्रियात दुकाने बंद असतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळपर्यंत शिधा भरून ठेवायचा, ही सूचना मात्र सर्वांनी लिहून घेतली.

रोज हलण्याच्या बाजूने सदानंदचा एक युक्तिवाद मात्र मला अजूनही अडवतो. एकाच जागी राहिले की तोच रस्ता परत येताना करावा लागतो, आणि प्रवासाची जी ओढ असते, उद्या कुठे ही, ती नाहीशी होते. पहिल्या भागाला उत्तर आहे. प्रातोहून स्टेल्व्हिओ चढायचा, माथ्यापासून थोडे खाली उतरून २,५०१ मीटरच्या उंब्राइल खिंडीतून स्वित्झर्लंडमध्ये सांता मारियाला जायचे, म्युस्टाइरचा कॅरोलिंगियन काळातील भित्तिचित्रांचा मठ पाहायचा आणि ग्लुर्न्समार्गे तळावर परत. साठ-पासष्ट किलोमीटरमध्ये दोन देश होतात आणि एकही रस्ता दोनदा येत नाही. दुसऱ्या दिवशी बोर्मिओ आणि गाव्हियाची अरुंद खिंड, तिसऱ्या दिवशी ओफेन खिंडीने, १९१४ साली स्थापन झालेल्या स्विस राष्ट्रीय उद्यानातून, करमुक्त लिव्हिन्योपर्यंत, तिथल्या स्वस्त पेट्रोलसाठी. पाऊस लागला तर सामान ओले न करता एक दिवस तंबूत काढता येतो, हा लाभ आहेच. भिजलेला तंबू गुंडाळून, तोच संध्याकाळी पुन्हा उघडण्याइतके वैताग आणणारे दुसरे काही नाही. दुसऱ्या भागाला, ओढीला, माझ्याकडे उत्तर नाही. प्रातोहून फ्ल्युएला आणि ओबरआल्प या खिंडी ओलांडत मायरिंगेनला जाण्याची दिवसभराची मजल आहे. त्या दिवशी सगळे सामान गाडीवर असेल, सदानंदने आपली हौस तेव्हा भागवावी.

काही गोष्टी वादाविना संपल्या. ऑगस्ट नको, कारण १५ ऑगस्टच्या आसपास अर्धी इटली सुट्टीवर असते. स्टेल्व्हिओ शनिवार-रविवारी नको. शिवाय सप्टेंबरच्या आसपासचा एक शनिवार तो रस्ता केवळ सायकलींसाठी राखतात, त्याची तारीख पाहून घ्यायची. म्युनिकहून जाताना फर्नपास, लांडेक आणि रेशेन खिंड असा मार्ग धरायचा, म्हणजे १९५०च्या धरणात बुडालेल्या गावाचा पाण्यातून वर राहिलेला चर्चचा मनोरा वाटेत लागतो. हानटेनयोख खिंडीमार्गे वळसा घेण्याचा विचार असेल तर गाडीच्या नोंदणीपत्रातील यू.१ हा रकाना पाहावा. तिथे लिहिलेला उभ्या गाडीचा आवाज ९५ डेसिबलच्या वर असेल तर टिरोलमधील त्या भागातील काही रस्त्यांवर २०२० पासून उन्हाळी हंगामात बंदी आहे. आवाज प्रत्यक्षात किती येतो याला महत्त्व नाही, कागदावरचा आकडा धरला जातो. आणि स्वित्झर्लंडमध्ये गावात ५०च्या जागी ५६ने गेले तरी १२० फ्रँक जातात, हे ऐकल्यावर मकरंदने स्वतःहून सर्वांत मागे राहण्याचे कबूल केले.

स्विस घाटात पिवळी पोस्टबस समोरून आली तर तिला वाट द्यायची आणि चालक सांगेल तसे मागे सरकायचे. वळणाआधी तिचा तीन सुरांचा भोंगा ऐकू येतो. तो कानावर पडला की वळणात घुसायचे नाही. सदानंदला हे एसटीच्या चालकांनी आधीच शिकवले आहे, असे त्याचे म्हणणे.

मतदान घेतले नाही, कारण आमच्याकडे मतदानाने काही ठरत नाही. रेश्माने आरक्षणाची चौकशी दोन्ही तळांवर परवाच पाठवली, त्यामुळे निकाल लागल्यासारखाच आहे. सदानंदने एक अट घातली आणि ती रास्त आहे: नवा तंबू आल्प्समध्ये पहिल्यांदा उघडायचा नाही. जुलैमध्ये, ऐन धुवाधार पावसात, सगळे सामान बांधून गगनबावड्याला एक रात्र काढायची आणि तंबूची शिवण कुठे गळते ते तिथेच पाहायचे. जळवांसाठी मीठ मकरंद आणणार आहे.