'लगा' म्हटलं म्हणजे शिवी दिली?

"सातारा-सांगलीकरांनो, तुम्ही दिवसभर शिव्या देता आणि तुम्हाला पत्ताही नाही!" अशा मथळ्याची एक यादी सध्या व्हॉट्सॲपवर फिरते आहे. भावकीच्या ग्रुपवर येते, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर येते, आणि खाली कुणीतरी दोन हात जोडून "अगदी बरोबर" लिहितं. म्हणणं थोडक्यात असं: लगा, आयला, आयच्यान, रांडेच्या, मवाली हे शब्द मुळात घाण आहेत, मूळ घाण म्हणजे शब्द घाण, आणि आता नव्या कायद्यानं त्यांना शिक्षाही आहे. शेवटी उपदेशाची एक ओळ आहे, तिच्याकडं नंतर येतो.

आधी लगा, कारण आपला निम्मा संवाद त्यावर चालतो. यादी म्हणते, हा शब्द 'लागणे'च्या अश्लील अर्थावरून आला. का, कसा, काही नाही. नुसतं ठोकून दिलंय. लगाच्या जन्माबद्दल दुमत असेल, पण मला सरळ वाट दिसते ती लेकाची. लेक, हाक मारताना लेका. माणदेशात त्याचं लका ऐकू येतं, "कुठं निघालास लका?" आणि कराड-तासगावकडं लगा. क चा ग होणं काही नवलाचं नाही. मकरची मगर झाली, प्रकटचं बोलताना प्रगट झालं. लगा 'लागणे'वरून आला म्हणावं, तर माणदेशातल्या लकामधला क कुठून आला?

बरं, मूळ बाजूला ठेवा आणि तो वापरतात कसा ते बघा. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला गर्दी असते. पाठीवर पोतं घेतलेला हमाल वाटेत उभ्या असलेल्या जोडीदाराला "सरक की लगा" म्हणतो. जोडीदार सरकतो आणि जाता जाता पोत्याला हातही लावतो. दोन पावलांवर अडत दुकानाचे मालक उभे असतात, त्यांना तोच हमाल "जरा सरका की अण्णा" म्हणतो. लगा बरोबरीच्याला, नाहीतर धाकट्याला. सासऱ्याला लगा म्हणून बघा, काय होतं ते! पण ते पायरी सोडली म्हणून. एकेरी बोलणं वेगळं आणि शिवी देणं वेगळं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं.

आयला. इथं यादीचं बरोबर आहे, मान्य करायला हवं. च्यायला, आयला ही 'तुझ्या आईला'ची झिजलेली रूपं आहेत आणि ते वाक्य पुढं कुठं जातं ते सांगायला नको. पण एसटी डोळ्यांदेखत निघून गेली की माणूस "आयला!" म्हणतो, तेव्हा कुणाची आई त्याच्या मनात असते? समोर माणूसच नाही. तोच 'तुझ्या' परत जोडून एखाद्याच्या तोंडावर म्हणा, बाह्या वर होतील. म्हणजे शिवी 'तुझ्या'त होती, ती गळाली आणि मागं नुसता उद्गार उरला. आयच्यानला तर यादीनं उगीचच गोवलंय. देवाच्यान, गळ्याच्यान, तसं आईच्यान. ती शपथ आहे, आणि ती घेणारा उलट आईला सगळ्यात वर ठेवतो.

आता रांडेच्या. यादी म्हणते, वेश्येचा मुलगा. ह्यावर कुणी लगेच उत्तर देतं, "अहो, मूळ संस्कृत रंडा म्हणजे विधवा, त्यात काय वाईट?" विधवा हा अर्थ खरा आहे. रंडकी, रांडमुंड हे शब्द त्यातलेच, मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी शब्दकोशातही तो अर्थ आहे. पण ह्यानं शब्द सोज्वळ कसा होतो ते मला समजत नाही. नवरा मेला हाच ज्या बाईचा दोष, तिच्या नावानं पोराला हिणवायचं, ही तर जास्तच वाईट गोष्ट झाली. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं थांबवायचं म्हणून. त्याच पंचक्रोशीत मित्र मित्राला प्रेमानं रांडेच्या म्हणतो आणि दोघंही हसतात, हे मला ठाऊक आहे. दोघांचं दोघांत असेल तर मी मध्ये पडत नाही. पण ज्याला आईनं एकटीनं वाढवलंय, तो हसतो तेव्हा खरंच हसतो का, हे म्हणणाऱ्यानं एकदा बघावं.

मवालीबद्दल यादीचा दावा असा की तो 'मावळा'वरून आला, म्हणून तो शिवरायांच्या मावळ्यांचा अपमान. शाहूनगरी म्हणवणाऱ्या साताऱ्यात हा दावा चटकन पेट घेणार हे लिहिणाऱ्याला माहीत असणार. मवाली हा शब्द अरबीत आहे, मौलाचं अनेकवचन, आश्रित अशा अर्थाचा. आपला मवाली तिथूनच आला का, ह्यावर वाद घालता येईल. पण मावळा वरून मवाली करायचा तर ळ चा ल करावा लागतो, काना उचलून पुढच्या अक्षराला द्यावा लागतो आणि शेवटी ई चिकटवावी लागते. एवढी ओढाताण भावना दुखावून घेण्यासाठीच करायची असेल तर करा.

कायद्याचं म्हणाल तर भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि तिच्यात शब्दांची यादी नाही. शांतता भंग व्हावी म्हणून मुद्दाम केलेला अपमान कलम ३५२ मध्ये येतो, सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल असे अश्लील शब्द कलम २९६ मध्ये. कुणाला, कुठं, कशासाठी म्हटलं, हे बघितलं जातं. व्युत्पत्ती कुणी विचारत नाही. शब्दावर थेट बोट ठेवणारा कायदा जुनाच आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ करणं हा त्यात गुन्हा आहे.

आणि इथंच यादीची शेवटची ओळ येते: "भामट्यांची धेडगुजरी भाषा सोडा, शुद्ध मराठी बोला."

धेड हे अस्पृश्य मानलेल्या जातीला हिणवून दिलेलं नाव. त्यांची बोली आणि गुजरी यांची भेसळ म्हणून धेडगुजरी. हा शब्द मी अग्रलेखांत वाचलाय, व्यासपीठांवरून ऐकलाय, आणि त्याची यादी कुणी केलेली नाही, कारण तो 'शुद्ध' माणसांच्या तोंडी असतो. चांभारचौकशीचंही तेच. भामटा तर महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. भामटा आणि राजपूत भामटा, दोन्ही. ज्या समाजांवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारायला सुरुवात केली आणि जे १९५२ साली त्यातून सुटले, त्यांची ही यादी. ठकाला भामटा आधी म्हणू लागले की जमातीला, ह्यावर हवा तेवढा वाद घाला. पण कॉलेजच्या प्रवेशाला रांगेत उभ्या असलेल्या पोराच्या हातातल्या दाखल्यावर तो शब्द जात म्हणून छापलेला असतो, आणि खिडकीपलीकडचा कारकून तो मोठ्यानं वाचतो. मागं रांगेत कुणीतरी खुदकन हसतं. त्या पोराला कुणी लगा म्हटल्याचं वाईट वाटत नसतं.

यादी पुढं पाठवायचीच असेल, तर निदान ती शेवटची ओळ खोडून पाठवा.