डिजिटल सिग्नेचर दिसली की फाइल सेफ? थांबा जरा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज दोनदा येऊन गेला: ईएक्सई फाइलवर (विंडोजचा प्रोग्रॅम किंवा इन्स्टॉलर) राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये कंपनीचं नाव आणि डिजिटल सिग्नेचरचा, म्हणजे फाइलवरच्या डिजिटल सहीचा, टॅब असेल तर फाइल १०० टक्के सेफ, नसेल किंवा सर्टिफिकेटची (सही कोणाची ते सांगणारं डिजिटल ओळखपत्र) तारीख उलटली असेल तर व्हायरस, मोबाइललाही हाच नियम. हेतू चांगला आहे पण मजकूर बराचसा गंडलाय.

पहिलं, "कंपनीचं नाव बघा". डीटेल्स टॅबमधलं नाव फाइल बनवणारा स्वतः टाइप करतो, उद्या मी पण मायक्रोसॉफ्ट लिहीन, कोण अडवणार? सिग्नेचरच्या टॅबमध्ये जाऊन नाव सिलेक्ट करून परत डीटेल्स दाबा, तिथे सही ओके आहे असं आलं तरच त्या नावाला अर्थ. नुसता टॅब असून भागत नाही, सही झाल्यावर फाइलमध्ये फेरफार केला तरी टॅब दिसतोच, आत मात्र सही व्हॅलिड नाही म्हणून येतं.

दुसरं, "१०० टक्के सेफ". खरी गोची इथेच आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सीक्लीनर या कॉम्प्युटर साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरचं ५.३३ व्हर्जन आलं, कंपनीच्याच साइटवर, ते बनवणाऱ्या पिरिफॉर्मची एकदम खरी सही, आणि आत मालवेअर! हॅकर आधीच कंपनीच्या सिस्टीममध्ये घुसले होते, त्यामुळे भेसळ सही व्हायच्या आधीच झालेली, आणि ते जवळपास महिनाभर चाललं, सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर गेलं. त्याआधी २०१० मध्ये सापडलेल्या स्टक्सनेट या मालवेअरच्या ड्रायव्हरवर (विंडोजच्या आत खोलवर चालणारा प्रोग्रॅम) रिअलटेक या चिप कंपनीची सही होती, सर्टिफिकेट चोरलेलं. म्हणजे सही नोटरीच्या शिक्क्यासारखी, कोणाच्या नावाने झाली आणि नंतर खाडाखोड झाली का एवढं कळतं, करारात तुम्हाला गंडवलंय का ते नाही.

"सही नाही म्हणजे व्हायरस" हे तर उगाच. सेव्हन-झिप या फाइल झिप करणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरचा विंडोज इन्स्टॉलर वर्षानुवर्षं बिनसहीचा आलाय, जगभर वापरतात. सर्टिफिकेटला दरवर्षी पैसे पडतात, फुकट सॉफ्टवेअर देणाऱ्याने ते का भरायचे? अशा वेळी मूळ साइटवरूनच घ्या, एसएचए-२५६ हॅश (फाइलवरून काढलेला ठशासारखा कोड) दिला असेल तर जुळवून बघा (हॅश पण त्याच हॅक झालेल्या साइटवर असेल तर काय, हा प्रश्न रास्त आहे).

तारीख उलटल्याचं म्हणाल तर सही करताना टाइमस्टॅम्प (सही कधी झाली त्याचा शिक्का) लावलेला असेल तर सर्टिफिकेट नंतर संपलं तरी सही चालते, जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर बघा.

आणि मोबाइल. अँड्रॉइडवर प्रत्येक एपीकेला (ॲप इन्स्टॉल करायची फाइल) सही लागतेच, पण ते सर्टिफिकेट कोणीही घरबसल्या स्वतःच बनवू शकतं, कुठली संस्था तपासत नाही. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून जी एपीके येते ना, तिच्यावर पण सही असते, नाहीतर फोनने ती इन्स्टॉलच केली नसती.