तुमचा पासच आहे ना!

मिलानहून व्हेनिसला जाणाऱ्या हायस्पीड गाडीत माझ्या खिडकीच्या सीटवर कल्याणचे एक काका बसले होते. कल्याणचे हे नंतर कळलं, आधी दिसली फक्त माकडटोपी, तीही मे महिन्यात. मी म्हटलं, काका, ही सीट माझी आहे, तर हसून म्हणाले, "अरे वा, मराठी! बसा बसा." कुठे बसू?

समोर काकू होत्या, त्यांची सीट तीच. काकांची मात्र चार डबे मागे, कारण तिकीट स्वस्तात मिळतंय म्हणून त्यांनी एक आधी काढलं आणि दुसरं दोन दिवसांनी. आणि तिकडे म्हणे उलटं तोंड करून बसावं लागतं, त्यांना गरगरतं.

मी मोबाईल काढून रिझर्वेशन दाखवलं आणि इथेच चुकलो, कारण त्यात माझा पास दिसला, युरोपभर रेल्वेने फिरायचा. "युरेल पास? मग काय प्रश्न आहे! पासवाल्याने कुठेही बसावं, आम्हा तिकीटवाल्यांना ठराविक जागा असते." आता ते स्वतः त्या ठराविक जागेवर नव्हते, पण हे सुचायला मला वाटेतलं वेरोना स्टेशन यावं लागलं.

काकांनी चौतीस वर्षं कल्याण-सीएसएमटी त्रैमासिक पासवर काढली आहेत, त्यामुळे या विषयात त्यांना गप्प करणं अवघड. "पास म्हणजे कसं, खिशात ठेवायचा आणि विसरायचा. टीसी आला की नुसतं 'पास' म्हणायचं, तो पुढे जातो." मग चौकशी. दिवसाला किती पडला? सात दिवसांचा घेतला, दिवसाला ५४ युरो पडले. आणि या सीटचे वेगळे? १३. "म्हणजे पास असून पैसे भरले?" त्यांनी हे इतक्या मोठ्याने विचारलं की पलीकडचा इटालियन माणूससुद्धा माझ्याकडे कणवेने बघायला लागला. "५४ आणि १३, ६७. आम्ही चार महिने आधी काढलं, १९ युरो ९० सेंट!" काकू म्हणाल्या, "अहो, असू दे." माझी बायको म्हणाली, "मी सांगत होते याला."

ती सांगत नव्हती. तीन महिने एक्सेल शीट मी एकट्याने भरलं. हा पास १९५९ पासून आहे, ३३ देशांत चालतो, मनात येईल त्या गाडीत बसा, हे वाचून मी हुरळलो होतो. स्वित्झर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रियात बहुतेक गाड्यांत खरंच तसं बसता येतं. इटली, फ्रान्स, स्पेनच्या वेगवान गाड्यांना मात्र रिझर्वेशन सक्तीचं, त्याचे पैसे वेगळे, फ्रान्समध्ये तर पासवाल्यांचा कोटा संपला की घरी बसा. मग मनात येईल त्या गाडीत बसा हे नेमकं कोणाच्या मनाबद्दल लिहिलंय? वेरोनाला गाडी बदलत साध्या गाड्यांनी गेलो असतो तर हे १३ लागलेच नसते, दीडेक तास जास्त गेला असता एवढंच. जर्मनीत शिकणारा भाचा २०२५ मध्ये ५८ युरोच्या एका तिकिटावर महिनाभर सगळ्या लोकल-रिजनल गाड्यांतून हिंडलाय (२०२३ मध्ये तर ते तिकीट ४९ ला सुरू झालं होतं), त्याला मी हे सगळं अजून सांगितलेलं नाही.

तेवढ्यात काकांना कळलं की युरेलमध्ये साठीच्या पुढे दहा टक्के सूट असते. "दहाच?" मग आपल्याकडे २०२० मध्ये ज्येष्ठांची रेल्वे सवलत बंद झाली त्यावर पंधरा मिनिटं. ते मला पूर्ण पटलं, पण मी उभा होतो हो!

शेवटी गेलो चार डबे मागे. उलटं तोंड, शेजारी संडास, खिडकीच्या जागी भिंत. एक्सेलमध्ये 'डावीकडे गार्डा सरोवर' असं मी पिवळ्या रंगात लिहून ठेवलं होतं.

मग टीसी आला. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "पास." तो पुढे गेला नाही. क्यूआर स्कॅन केला, ही सीट तुमची नाही म्हणाला आणि पासपोर्ट मागितला, कारण हा पास पासपोर्टसोबतच चालतो आणि पासपोर्ट होता बायकोच्या पर्समध्ये. मग तो पुढे आणि मी मागे अशी चार डबे वरात. पोचलो तर काका माझ्या सीटवर तिखटमिठाच्या पुऱ्या खात होते, बायकोही खात होती, डब्यात एक उरली होती. मला टीसीबरोबर बघून काका अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाले,

"काय हो, पास चालत नाही का?"

टीसीने पासपोर्ट बघितला, मान हलवली आणि गेला. काकांना त्याने काही विचारलं नाही, कारण म्हणे आधीच्या फेरीत त्यांचं तिकीट बघून झालं होतं. काकूंनी ती उरलेली पुरी माझ्यापुढे धरली. गाडी व्हेनिसच्या पुलावर आली, दोन्हीकडे नुसतं पाणी, सगळे खिडकीकडे झुकले आणि मला काकांच्या टोपीच्या वरून जेवढं दिसलं तेवढं मी बघितलं. काकांनी काचेला नाक लावलं आणि म्हणाले, "एकोणीस नव्वद!"