मॉस अ‍ॅगेटची अंगठी धुरकट का होते: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, मॉस अ‍ॅगेटच्या, म्हणजे आत शेवाळासारखी हिरवी नक्षी असलेल्या अकीकाच्या, अंगठीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. दोन वर्षं रोज घालून तुमच्या साखरपुड्याच्या अंगठीतला खडा धुरकट झाला. शेतात सापडणारी गारगोटी सोन्यात बसवायला सांगणं म्हणजे लोकांना खर्चात घालणं. आणि हिरवंच हवं तर माणसाने पाचू घ्यावा. साखरपुड्याची अंगठी निस्तेज झाली की जीव हळहळतो, हे मला कळतं. तरीही हा खडा रोज घालण्याजोगा आहे असंच मी म्हणेन, फक्त तो कशात आणि कसा बसवला आहे हे खड्याइतकंच पाहायला हवं.

आधी धुरकटपणाचं. मॉस अ‍ॅगेटची कठीणता मोह्सच्या मापावर, म्हणजे कोणतं खनिज कोणावर ओरखडा काढतं हे सांगणाऱ्या 1 ते 10 च्या मापावर, 6.5 ते 7. आपल्या घरातल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, त्यांची कठीणता 7. म्हणजे धूळ बसलेला खडा कोरड्या फडक्याने किंवा पदराने पुसला, की त्याच्याच जातीचे कण त्याच्यावर घासले जातात. रोज थोडं थोडं घासून वरची झिलई जाते. भांडी घासायची पावडर आणि तारेची घासणी तर त्याहून वाईट. म्हणून आधी पाणी, मग पुसणं. कोमट पाणी, सौम्य साबण किंवा रिठ्याचं पाणी, लहान मुलांचा मऊ टूथब्रश, आणि खड्याची मागची बाजू विसरायची नाही, कारण कणीक आणि हँडक्रीम तिथेच साचतं. पुष्कळदा धुरकटपणा म्हणजे नुसता हा थर असतो आणि एका धुण्यात जातो. सराफाकडच्या, ध्वनिलहरींनी दागिने साफ करणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रात मात्र हा खडा देऊ नका. साधा अकीक त्यात सहसा टिकतो, पण मॉस अ‍ॅगेटमध्ये आत खनिजांच्या शिरा असतात, बारीक भेगाही असू शकतात, आणि त्या वाढवून घेण्यात काही अर्थ नाही.

पाचूबद्दल. त्याची कठीणता 7.5 ते 8, म्हणजे ओरखडे कमी पडतील हे खरं. पण ओरखडा न पडणं वेगळं आणि न फुटणं वेगळं. बहुतेक पाचूंच्या पोटात भेगा असतात आणि त्या तेलाने भरलेल्या असतात. गरम साबणाच्या पाण्याने ते तेल निघू शकतं. अकीकाच्या जातीचे दगड अतिसूक्ष्म तंतूंच्या घट्ट विणीचे असल्यामुळे चिवट असतात. प्रयोगशाळेत कठीण पदार्थ बारीक घोटायला अकीकाचे खल वापरतात ते यासाठीही. पत्रिकेसाठी पाचू घालणं ही ज्याची त्याची श्रद्धा. पण ओट्यापाशी, बसच्या दांडीवर, संगणकावर राबणाऱ्या हातात मी पाचू सुचवणार नाही.

आणि हो, गारगोटी म्हणालात ते बरोबरच आहे! दोन्ही सिलिकाच, म्हणजे वाळू ज्याची असते तेच द्रव्य. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर जो लाव्हा पसरला त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या, सिलिका विरघळलेलं पाणी त्यांत झिरपलं आणि थर साचत गेले. मॉस अ‍ॅगेटमधली हिरवी नक्षी म्हणजे शेवाळ नव्हे; ती क्लोराइटसारखी लोहयुक्त खनिजं आहेत, त्यामुळे अस्सल रंग उन्हाने उडत नाही. असा दगड दुर्मीळ म्हणून कुणी चढ्या भावाने विकत असेल तर तिथून उठून यावं. पैसे द्यायचे ते नक्षी निवडण्याचे आणि घडणावळीचे.

निवडताना खडा उजेडासमोर धरा. नक्षी खोलवर गेलेली दिसायला हवी, काही फांद्या पुढे, काही मागे. सगळी एकाच पातळीवर असेल तर रंगवलेली असण्याचा संशय घ्या. भेगांमध्ये रंग गडद साचलेला दिसला तर खडा रंगवलेला आहे. अकीक सच्छिद्र असल्याने रंग सहज पितो. मग भिंगातून वरचा पृष्ठभाग पाहा. हिरवी शीर पृष्ठभागावर येऊन तिथे खळगा पडला असेल तर तो खडा पेंडंटला चालेल, अंगठीला नको. मला स्वतःला अर्ध्याहून अधिक स्वच्छ आणि एका कडेने हिरवळ चढत गेलेला खडा सर्वांत सुंदर वाटतो. गच्च हिरवा भरलेला खडा लांबून नुसता काळपट दिसतो.

बसवायचा तो कडेने पूर्ण वेढलेल्या कोंदणात, बोटाच्या जवळ राहील इतका खाली, पाठ उघडी ठेवून, म्हणजे उजेडही आरपार जातो. उंच नख्यांवर बसवलेला खडा दाराच्या कडीला पहिला आपटतो. सोनं 22 कॅरेटपेक्षा 18 कॅरेट बरं, कारण ते कमी वाकतं.

तुमच्या पैशाच्या मुद्द्याला एक गोष्ट जोडते, कारण ती मला छळते. हा दगड स्वस्त असण्यामागे गुजरातमधल्या खंभातचे कारागीर आहेत. राजपिपळ्याच्या डोंगरातला अकीक तिथे पिढ्यान् पिढ्या घासला जातो, पुष्कळदा घरातच, कोरड्या चाकावर. ती धूळ फुफ्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो आणि त्यावर उपचाराने बरं होणं नाही. चाकावर पाण्याची धार धरून घासलं तर धूळ बरीच कमी होते, पण त्याला खर्च येतो. विकणाऱ्याला खडा कुठे आणि कसा घासला हे जरूर विचारा, आणि पाण्यावर घासलेल्याचे थोडे जास्त पैसे मागितले तर आनंदाने द्या.

आता तुमची अंगठी. ती आधी वर सांगितल्याप्रमाणे धुऊन बघा. तरी धुरकट राहिली तर खडा काढून पुन्हा पॉलिश करून घेता येतो, आणि तो खर्च नव्या खड्याच्या आसपासच असतो, म्हणून तो तुमच्या आठवणीसाठी करायचा. फक्त सराफाला बजावा, की अंगठी सैल-घट्ट करायची असेल तर ज्योत लावण्याआधी खडा काढा. आचेने अकीक तडकू शकतो. आणि खड्याचा रंगही फिका पडला असेल तर तो रंगवलेला असावा. कोंदण उघडं आहे की बंद, तेवढं कळवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.