मुळं फरशी उचलतात, मग टाकायचं तरी काय?

काल कट्ट्यावर विषय निघाला झाडाशेजारच्या फुटपाथवरून. काँक्रीट उचललंय, तडे गेलेत, लोक ठेचकाळतात. आमच्यातला साइटवरचा सुपरवायझर म्हणाला, सोप्पंय रे, मुळं कापायची आणि यावेळी स्लॅब जाड टाकायचा, आत जाळी. झालं, नर्सरीवाला उसळलाच.

"बुंध्याजवळची जाड मुळं कापलीस तर झाड उभं कशावर राहणार? पुढच्या वादळात आडवं होईल."

"मग मुळं खाली जात का नाहीत, वर कशाला येतात?"

आता हा गैरसमज आमच्यात निम्म्यांचा होता, की झाड वर जेवढं तेवढंच खाली. तसं नसतं. पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या ३० ते ६० सेंटीमीटर मातीतच असतात, कारण हवा तिथेच मिळते, आणि पसरतात फांद्यांच्या घेराच्या बरीच बाहेर. आपण काय करतो, रोलर फिरवून माती ठोकतो, हवा संपवतो, वर स्लॅब टाकतो. मग मुळाला मोकळी जागा उरते ती स्लॅबच्या लगेच खालची, तिथे ओल धरलेली असते आणि थोडी हवा पण, म्हणून ते तिथेच घुसतं, वर्षागणिक जाड होतं आणि स्लॅब वर. म्हणजे वाट आपणच दाखवली ना.

मी म्हटलं पेव्हर ब्लॉक टाका, फटीतून पाणी मुरेल. सुपरवायझर लगेच तयार, "खाली डस्ट, म्हणजे दगडाची भुकटी, मिसळून खडी मस्त ठोकून घेतो." नर्सरीवाल्याने कपाळावर हात मारला. डस्टने खडीतल्या पोकळ्या भरल्या की पाणी वरच राहणार, ब्लॉक कितीही भारी असोत. बिनडस्टची खडी हवी, फटीतही वाळूऐवजी दगडाच्या बारीक चिप्स. ब्लॉकचा खरा फायदा मला वेगळाच वाटतो, मूळ वर आलं तर तेवढेच ब्लॉक काढून लेव्हल करून परत बसवता येतात, स्लॅब मात्र फोडावाच लागतो.

पोरस काँक्रीटचं पण निघालं. पाणी जातं हे खरं, पण धूळ आणि पाचोळ्याने भोकं बुजतात, नियमित साफ करणार कोण? आणि शेवटी तो पण कडक स्लॅबच, मूळ फुगलं की तडकणार.

नर्सरीवाल्याचं मत, काहीच टाकू नका, लाकडाचा भुगा-तुकडे पसरा. झाडासाठी याहून चांगलं काही नाही, मान्य. पण एकाची आई वॉकर घेऊन चालते, तो चिडला, "चाकं रुतली की तू येणारेस का उचलायला?" बरोबर बोलला. शेवटी असं ठरल्यासारखं झालं की बुंध्याभोवती ५ ते १० सेंटीमीटर तुकडे, तेही बुंध्याला न चिकटवता, आणि चालायची पट्टी त्याच्या बाहेर ब्लॉकची.

पण बाहेर म्हणजे किती? बांधकामाजवळची झाडं कशी सांभाळायची यासाठीच्या ब्रिटिश स्टँडर्ड बीएस ५८३७ मध्ये हिशोब आहे, खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येच्या घेरातली मुळं जपायची. खोड ५० सेंटीमीटर तर ६ मीटर. सुपरवायझर हसला, "अख्खा फुटपाथच गेला की!" म्हणूनच तिथे फुटपाथ करायचा, पण खोदायचं नाही. जमिनीवर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं जाड कापड, त्यावर मधाच्या पोळ्यासारखी प्लास्टिकची जिओसेल, तिच्यात खडी, वर ब्लॉक. वजन पसरतं, माती दबत नाही.

"न खोदता? लेव्हल वर येणार, कडेला पायरी पडेल."

उतार दे ना बाहेरच्या बाजूला. कर्बसाठी चर खणू नकोस, लाकडी पट्ट्या खुंट्या ठोकून बसव, मुळं चुकवून. आणि बुंधा जिथे फुगत जातो तिथे भर आणू नकोस, साल कुजते. जागाच नसेल तर खांबांवर लाकडी डेक, खड्डे मात्र हाताने.

सुपरवायझर अजून एकाच गोष्टीवर अडलाय, डस्टशिवाय खडी बसत नाही, हलते म्हणे. अरे क्रशरची कोनेरी घे, एकमेकांत अडकते. गोल गोटे टाकलेस तर हलणारच.